मौन आणि संमती

मौन हे संमतीचे लक्षण होय, हे वचन आपल्या समाजात इतके रुळलेले आहे की, ते कोणी कोणास शिकवावे लागत नाही. सभेत अध्यक्ष ठराव वाचतात, क्षणभर थांबतात, आणि कोणी बोलले नाही म्हणजे ठराव संमत झाल्याचे जाहीर करतात. घरात वडील मंडळी एखादा बेत सांगतात, धाकटी मंडळी खाली मान घालून ऐकतात, आणि बेत ठरतो. व्यवहार सुरळीत चालावा म्हणून असा एखादा संकेत असणे सोयीचे आहे, हे आम्हांस मान्य आहे. परंतु सोयीची गोष्ट आणि न्यायाची गोष्ट या नेहमी एकच असतात असे नाही. न बोलणाऱ्या माणसाच्या मनातला होकार आपण कोणत्या आधारावर गृहीत धरतो, आणि तो तसा धरण्याचा आपणांस अधिकार काय, हा नीतिशास्त्राचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर द्यावयाचे तर शब्दाने काय कळते व शब्दावाचून काय कळते, याचा थोडा विचार आधी करणे प्राप्त आहे.

हा विचार पुण्यामुंबईच्या दिवाणखान्यात बसून करण्यापेक्षा सिरोंच्यासारख्या ठिकाणी करणे अधिक फलदायी होईल, असे आम्हांस वाटते. जेथे सर्वांची भाषा एक असते तेथे शब्द आणि खूण ही दोन्ही हातात हात घालून चालतात, आणि कोणते काम कोणी केले हे ओळखू येत नाही. जेथे भाषा भिन्न असतात तेथे ती वेगळी दिसू लागतात. सिरोंचा हे गाव महाराष्ट्राच्या आग्नेय टोकाशी, प्राणहितेच्या काठी आहे. थोडे खाली गेले की प्राणहिता गोदावरीस मिळते; पलीकडे तेलंगणातील काळेश्वरम् दिसते; आणि त्याच तालुक्यात सोमनूरजवळ बस्तरातून येणारी इंद्रावतीही गोदावरीस मिळते. इंग्रजी अमदानीत हे गाव अपर गोदावरी नावाच्या जिल्ह्याचे मुख्य ठाणे होते. १८७४ साली तो जिल्हा मोडला आणि सिरोंचा चांदा जिल्ह्याकडे आले. १९८२ साली गडचिरोली जिल्हा निराळा झाल्यावर ते त्यात गेले. सरकारी नकाशे असे पुनःपुन्हा बदलले तरी लोकांच्या घरातील बोली बदलली नाही. गावात आणि नदीकाठच्या खेड्यांत तेलुगू, रानाकडे सरकावे तसतशी गोंडी व माडिया, बाजारात मोडकी हिंदी, आणि कचेरीत व शाळेत मराठी, अशी येथील वाटणी आहे. आठवड्याच्या बाजारात एकाच दुकानापुढे चार भाषांची चार माणसे उभी राहतात आणि सौदा होतो. तो पुष्कळसा डोळ्यांनी आणि बोटांनी होतो.

शब्देतर खुणांचे सामर्थ्य आपल्या पूर्वजांनी फार सूक्ष्मपणे जाणले होते. भरताच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी शब्दाचा प्रकार एकच आहे. बाकीचे तीन म्हणजे शरीराची हालचाल, वेषभूषा, आणि अश्रू, रोमांच, कंप यांसारखे अंतःकरणातून उमटणारे विकार. पाश्चात्य विद्येत हाच विषय डार्विनने हाती घेतला. मनुष्य व प्राणी यांच्या भावनाविष्कारावरील त्याचा ग्रंथ १८७२ साली प्रसिद्ध झाला. त्यासाठी त्याने दूरदूरच्या देशांतील मिशनरी व अधिकारी यांना प्रश्नावल्या धाडून, तेथील लोक रागावले, लाजले वा दुःखी झाले म्हणजे त्यांचे चेहरे कसे होतात याची माहिती मागविली होती. पुढे १९६७ च्या सुमारास पॉल एकमन या मानसशास्त्रज्ञाने न्यू गिनीच्या डोंगरातील फोरे लोकांना, ज्यांचा बाहेरच्या जगाशी फारसा संबंध आला नव्हता अशांना, छायाचित्रे दाखवून पाहिली. आणि हर्ष, शोक, क्रोध, किळस यांसारखे भाव सर्व मानवजातीत चेहऱ्यावर सारखेच उमटतात असा निष्कर्ष काढला. त्याविषयी अलीकडे पुष्कळ शंकाही घेतल्या गेल्या आहेत. तथापि एवढे तरी निश्चित की, माडिया आईच्या मांडीवरचे तापाने फणफणलेले मूल पाहून तिचे दुःख कळण्यास आपणांस कोणताही शब्दकोश लागत नाही.

येथपर्यंत वाद नाही. वाद पुढे आहे. खुणांचे हे सामर्थ्य पाहून काही लोक असे म्हणू लागतात की, संवादात शब्दाला किंमत फारच थोडी. शेकडा सात भाग शब्दांचे, अडतीस आवाजाचे, आणि पंचावन्न मुद्रेचे. हे आकडे व्याख्यानांतून आणि व्यक्तिमत्त्वविकासाच्या वर्गांतून इतके फिरले आहेत की, ते जणू गणिताचे सिद्धान्तच. वस्तुतः ते अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाच्या १९६७ सालच्या प्रयोगांवरून घेतलेले आहेत. एकेक सुटा शब्द निरनिराळ्या सुरांत ऐकवून आणि निरनिराळ्या मुद्रा दाखवून, बोलणाऱ्याला आवड वाटते की नावड, एवढेच त्या प्रयोगांत पाहिले होते. आपले सूत्र भावना व आवडनिवड यांच्यापलीकडे लागू नाही, असे स्वतः मेहराबियननेच पुढे स्पष्ट केले. ते खरोखर सर्वत्र लागू असते तर तेलुगू न जाणणाऱ्या माणसाला सिरोंच्यात कोणाचेही त्र्याण्णव टक्के बोलणे समजावयास हवे होते! तेथे एक दिवस काढलेल्या कोणासही हा हिशेब किती खोटा आहे हे कळून येईल.

मग खुणेला काय सांगता येते आणि काय येत नाही? आमच्या मते खूण ही भावना सांगते, इच्छा सांगते, समोरची वस्तू दाखविते. परंतु तीन गोष्टी तिला नीट साधत नाहीत: नकार, अट, आणि उद्याची गोष्ट. नकाराचेच पाहा. मान हलविण्याने नकार कळतो असे कोणी म्हणेल. पण बल्गेरियात मान वरखाली हलविली तर तो नकार असतो. आणि आपल्याकडे मान दोन्ही बाजूंस किंचित डोलविण्याचा जो प्रकार आहे, त्याचा अर्थ होय, बरे, पाहू, ऐकले, यांपैकी कोणता हे परक्याला तर सोडाच, आपल्यालाही प्रसंगावरूनच ठरवावे लागते. बरे, मान आडवी हलली आणि ती नकारार्थीच आहे असे धरले, तरी नकार कशाचा? मराठीत ‘नाही’ आणि ‘नव्हे’ असे दोन शब्द आहेत. ‘हे माझे शेत नव्हे’ आणि ‘माझे शेत नाही’ ही दोन वाक्ये अगदी निराळी आहेत. तेलुगूतही नेमका हाच भेद आहे. तेथे ‘कादु’ म्हणजे नव्हे आणि ‘लेदु’ म्हणजे नाही. प्राणहितेच्या दोन्ही काठांवरचा शेतकरी हा भेद रोज जिभेने करतो, पण मानेने त्याला तो करता येणार नाही.

दुसरे उदाहरण याहून मार्मिक आहे. मराठीत ‘आपण’ आणि ‘आम्ही’ असे दोन निराळे शब्द आहेत. ऐकणाराला धरून बोलावयाचे तर आपण, त्याला वगळून बोलावयाचे तर आम्ही. तेलुगूतही ‘मनमु’ आणि ‘मेमु’ असा हाच भेद आहे. इंग्रजीत तो नाही. आता कोणी छातीवर हात ठेवून मग रानाकडे बोट दाखविले, तर त्याचा अर्थ ‘हे रान आमचे आहे’ असा घ्यावयाचा की ‘हे रान आपले आहे’ असा? पहिल्या अर्थाने ऐकणारा परका ठरतो, दुसऱ्याने सोबती. हावभाव तोच, हात तोच, बोट तेच. आणि तरीही त्या दोन अर्थांत भांडणाचे आणि सलोख्याचे अंतर आहे. ते अंतर एका शब्दाने मिटते.

येथे एक खुलासा करणे अवश्य आहे. मूकबधिर लोक ज्या भाषेत बोलतात ती हातांची असली तरी आम्ही येथे ज्यांना खुणा म्हणतो त्यांत ती मोडत नाही. विल्यम स्टोकी याने १९६० साली अमेरिकेतील मूकबधिरांच्या भाषेचा अभ्यास करून दाखवून दिले की, तिला स्वतःचे घटक आणि स्वतःची रचना आहे. नकार, अट, भूत, भविष्य ही सर्व अशा भाषेत सांगता येतात. तेव्हा भेद तोंड आणि हात यांच्यातील नाही. दोघांनी मिळून आधीच मान्य केलेली भाषा एकीकडे, आणि त्या त्या वेळी अंदाजाने लावावयाचा अर्थ दुसरीकडे, असा तो भेद आहे.

या भेदाचे व्यावहारिक महत्त्व किती, हे पाहावयाचे असेल तर सिरोंच्याच्या उत्तरेस भामरागड तालुक्यातील हेमलकसा येथे जावे. बाबा आमटे यांनी १९७३ च्या डिसेंबरात तेथे लोकबिरादरी प्रकल्प आरंभिला, आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी माडिया लोकांत वैद्यकी सुरू केली. वैद्याचे निम्मे काम खुणांनी भागते हे खरे. कोठे दुखते हे रोगी बोटाने दाखवितो. किती दुखते हे त्याचा चेहरा सांगतो. पण कधीपासून दुखते, पूर्वी असे झाले होते काय, हे औषध तीन दिवस घ्या आणि ताप न उतरल्यास परत या, हे बोटाने सांगता येत नाही. ‘तीन दिवस’ ही उद्याची गोष्ट आहे आणि ‘न उतरल्यास’ ही अट आहे. या दांपत्याने माडिया भाषा शिकून घेतली. रोग्याने मराठी शिकून यावे अशी वाट त्यांनी पाहिली असती तर तो कधीच आला नसता. जवळ विद्या आणि औषध ज्याच्या आहे, भाषेचे ओझेही त्यानेच उचलावे, हा नियम त्यांच्या उदाहरणावरून घेता येईल. आणि आमच्या विवेचनाचा तोच गाभा आहे.

हाच नियम कायद्याच्या क्षेत्रातून कसा निघतो पाहा. १८८५ साली अलाहाबादच्या उच्च न्यायालयापुढे एक खटला आला. गळा चिरलेली एक तरुण मुलगी मरणापूर्वी बोलू शकत नव्हती. तिला एकामागून एक नावे विचारण्यात आली आणि तिने हाताच्या खुणेने उत्तरे दिली. मृत्युपूर्व ‘शाब्दिक निवेदन’ पुराव्यात घेता येते असे कायदा म्हणत होता. पण जिने एकही शब्द उच्चारला नाही तिचे निवेदन शाब्दिक कसे? पूर्णपीठाने निर्णय दिला की, विचारलेला प्रश्न आणि त्यावर केलेली खूण ही दोन्ही एकत्र घेतली म्हणजे ते शाब्दिक निवेदन होते. हा निर्णय आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो. खूण ही अर्धीच असते. तिचा उरलेला अर्धा भाग विचारणाराच्या प्रश्नात असतो. तेव्हा प्रश्न वाकडा असेल तर सरळ मनाने केलेली खूणही वाकडीच ठरेल. ‘तुमची हरकत नाही ना?’ असे विचारून मान डोललेली पाहणारा अधिकारी होकार नोंदवितो. तोच ‘तुम्हांला हे हवे आहे काय?’ असे विचारता तर तीच मान कदाचित स्थिर राहिली असती. मौनावरून आणि हावभावावरून जो अर्थ काढला जातो त्याची निम्मी जबाबदारी, किंबहुना निम्म्याहून अधिक, विचारणाराच्या शिरावर असते.

यावर असा आक्षेप निघण्याचा संभव आहे की, शब्दावाचून प्रामाणिक व्यवहार होतच नाही असे म्हणणे इतिहासाला धरून नाही. आणि या आक्षेपाला बळकट आधार आहे. हिरोडोटस सांगतो की, कार्थेजचे व्यापारी आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर जात, आपला माल वाळूत मांडीत, गलबतावर परतून धूर करीत. तो पाहून तेथील लोक येत, मालाशेजारी सोने ठेवीत आणि दूर होत. सोने पुरेसे वाटले तर व्यापारी ते घेऊन जात. न वाटले तर पुन्हा गलबतावर जाऊन थांबत, आणि ते लोक आणखी सोने आणून ठेवीत. कोणी कोणास फसवीत नसे. एकही शब्द न उच्चारता चाललेला हा व्यापार खरोखर सुंदर आहे. परंतु त्याचे मर्म मौनात नाही. त्याचे मर्म असे की, माल न उचलता निघून जाण्याची दोघांनाही सारखीच मोकळीक होती.

आता आपल्या शेजारी पाहा. बस्तर आणि अबूझमाड या भागांत चारोळीच्या बदल्यात मीठ देण्याची चाल पुष्कळ काळ होती, हे सर्वश्रुत आहे. वजनास वजन दिले तरी शहरात चारोळीची किंमत काय आणि मिठाची काय, हे देणारास ठाऊक होते, घेणारास नव्हते. आणि मिठावाचून घेणाराचे चालण्यासारखे नव्हते. तेथेही कोणी बोलत नसे, तेथेही सौदा होई. परंतु त्या मौनाला संमती म्हणणे म्हणजे शब्दाचा खेळ होय. गरजेने मिटलेले तोंड आणि समाधानाने मिटलेले तोंड बाहेरून सारखेच दिसते. आजही उन्हाळ्यात फळीवर तेंदूच्या पुड्यांची मोजणी होते. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. पहाटेपासून रान तुडवून आलेल्या बाईचा हिशेब मोजणारा एका भाषेत लिहितो आणि ती दुसऱ्या भाषेत लक्षात ठेवते. ती काही बोलत नाही म्हणून हिशेब बरोबर, असे मानण्याचा अधिकार मोजणाऱ्यास नाही. तिला तिच्या भाषेत आकडा ऐकू आला काय, आणि तो चुकला असे म्हणण्याची तिला सोय होती काय, हे आधी पाहावयास हवे.

समाजाच्या कारभारात ही गोष्ट अशक्य आहे असे मात्र कोणी समजू नये. याच गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यात, मेंढा (लेखा) हे गोंड लोकांचे गाव आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्क या गावास मिळाले. देशात असे हक्क प्रथम मिळालेल्या गावांत त्याची गणना होते. तेथील ग्रामसभा बहुमताने निर्णय करीत नाही, सर्वसहमतीने करते. बहुमताच्या पद्धतीत हात मोजले की काम संपते. सर्वसहमतीत गप्प बसलेल्या माणसाकडे वळून त्याचे म्हणणे काय हे विचारावेच लागते. नाहीतर सर्वांची सहमती कशी म्हणावी? अशा रीतीला वेळ लागतो, हे उघड आहे. पण ज्या निर्णयाने पुढील पिढ्यांचे रान राहणार किंवा जाणार, त्याला चार बैठका अधिक लागल्या तर बिघडले काय?

याउलट, बोलूनही न ऐकले जाण्याचा एक प्रकार आहे, त्याचाही उल्लेख केला पाहिजे. सिरोंच्यानजीक गोदावरीवर मेडिगड्डा येथे बांधलेल्या बंधाऱ्यासंबंधी महाराष्ट्र व तेलंगण या राज्यांत २०१६ साली मुंबईस करार झाला, आणि २०१९ च्या जूनमध्ये बंधाऱ्याचे उद्घाटन झाले. सिरोंचा तालुक्यातील काठच्या गावांतून त्याला विरोध झाला होता. पुढे तेथील शेतांत पाणी शिरून पिकांची हानी झाली; २०२३ च्या ऑक्टोबरात बंधाऱ्याचे काही खांबही खचले. धरणशास्त्रातील गुणदोष सांगणे हा आमचा विषय नव्हे. आमचे म्हणणे एवढेच की, येथे मौनाचे निमित्त कोणालाच सांगता येणार नाही. शब्द उच्चारले गेले होते. शब्द हा पुरता होण्यास बोलणारा जसा लागतो तसा ऐकणाराही लागतो, आणि न ऐकणारा मनुष्य समोरच्याला मुका करीत असतो.

वाचक कदाचित म्हणतील की, हे सर्व रानातील आणि राज्यकारभारातील झाले. आमच्या सुशिक्षित घरांत भाषा एक, माणसे एक, तेथे मौनाचा अर्थ आम्हांस नीट कळतो. हे अंशतः खरे आहे. ज्या पतिपत्नींमागे चाळीस वर्षांचे बोलणे उभे आहे त्यांचे न बोलणे हेही एक बोलणेच असते. परंतु सर्वच घरगुती मौन या जातीचे नसते. मुलीला ‘तुला हे स्थळ पसंत आहे ना?’ असे चारचौघांत विचारतात, ती खाली पाहते, आणि ‘लाजली, म्हणजे पसंत आहे’ असे म्हणून पेढे वाटले जातात. येथे भाषा एक आहे. पण प्रश्न विचारणाराने त्याचे उत्तर आधीच प्रश्नात घालून ठेवले आहे, आणि ‘नाही’ म्हणण्याची किंमत त्या मुलीने एकटीने मोजावयाची आहे. अलाहाबादचा तो खटला चालला त्याच १८८५ साली मुंबईच्या उच्च न्यायालयात रखमाबाईंचा खटला चालू होता. अकराव्या वर्षी लग्न लागलेल्या या विदुषीचे म्हणणे असे की, ज्या लग्नास आपण संमती दिलीच नाही ते आपल्यावर लादले जाऊ नये. त्या वर्षी न्यायमूर्ती पिन्हे यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. पुढे तो फिरला, आणि १८८७ साली नवऱ्याकडे जा अथवा सहा महिने तुरुंगात जा असा हुकूम झाला, तेव्हा त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. १८८८ साली तडजोड होऊन त्या मोकळ्या झाल्या, आणि नंतर विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या. अकरा वर्षांच्या मुलीचे मौन ज्यांनी संमती म्हणून लिहून घेतले होते त्यांना, ती मोठी होऊन बोलू लागल्यावर केवढा धक्का बसला, हे त्या काळची वर्तमानपत्रे उघडली म्हणजे दिसते. असेच किती मौनांना पुढे वाचा फुटलीच नाही, त्याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही.

तात्पर्य, मौन हे दुःखाचे, भीतीचे, लाजेचे, विचाराचे, कंटाळ्याचे किंवा आदराचे लक्षण असू शकते. आणि कधीकधी ते संमतीचेही असते. ते कशाचे आहे हे ठरविण्यापूर्वी बलवान पक्षाने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. समोरच्याला त्याच्या भाषेत सर्व सांगितले काय? ‘नाही’ म्हटल्यास त्याचे काही बिघडणार आहे काय? आणि आपण जो प्रश्न विचारला त्यात उत्तर आधीच भरून ठेवलेले होते काय? या तिहींची उत्तरे समाधानकारक असतील तर मौनाचा अर्थ खुशाल संमती असा घ्यावा. नसतील तर पुन्हा विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. सिरोंच्याच्या बाजारातील चतुर दुकानदारसुद्धा गिऱ्हाईकाची मान नीट समजली नाही म्हणजे वजन काट्यावर तसेच ठेवून दुसऱ्या भाषेत पुन्हा विचारतो. राज्यकर्त्यांनी, शिक्षकांनी आणि घरातील वडीलधाऱ्यांनी निदान एवढे तरी करावे, अशी अपेक्षा बाळगण्यात काही गैर आहे असे आम्हांस वाटत नाही.